वाचताना मान हलविणारे मूल

बोरी बुद्रुक असो वा जुन्नर तालुक्यातील दुसरे कोणतेही गाव, पहिली-दुसरीच्या वर्गात वाचनाच्या तासाला ‘मान हलवू नकोस, नुसते डोळे फिरव’ ही सूचना शिक्षकाच्या तोंडून सहज निघते. बहुतेक मुलांना ती पाळता येते. परंतु क्वचित एखाद्या मुलाला ती पाळणे शक्यच नसते. त्याचा दोष सवयीचा नसून मेंदूच्या कार्याचा असतो.

वाचताना दृष्टी ओळीवरून सरकत जात नाही. ती झेपा घेते. एका ठिकाणी सुमारे पाव सेकंद थांबावयाचे आणि पुढे झेपावयाचे, असा तिचा क्रम असतो. या झेपेची आज्ञा मोठ्या मेंदूतून निघते. मेंदूच्या देठातील पेशी ती डोळ्यांच्या स्नायूंकडे पोचवितात आणि झेप नेमकी किती असावी हे राखण्याचे काम लहान मेंदू करतो. या साखळीतील एक दुवा जरी निकामी झाला, तरी स्नायू धडधाकट असूनही डोळे इच्छेप्रमाणे फिरत नाहीत.

अमेरिकेतील नेत्रवैद्य डेव्हिड कोगन यांनी १९५२ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले. या मुलास उजवीकडे वा डावीकडे मुद्दाम पाहावयाचे झाल्यास डोळे जागचे हलत नाहीत. म्हणून ते मानेला झटका देते. मान वळताच डोळे उलट दिशेला जातात. त्यामुळे मान लक्ष्याच्याही पुढे न्यावी लागते. डोळे लक्ष्यावर स्थिरावले म्हणजे ती सावकाश परत येते. मानेचा हा झटका म्हणजे खोडी नव्हे, ती मुलाने स्वतः शोधलेली युक्ती होय.

महाराष्ट्रातही या विषयात मोलाचे काम झाले आहे. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया व डॉ. स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक विकाराची माहिती प्रसिद्ध केली. त्यात चालण्याचा तोल जातो आणि डोळ्यांच्या झेपा अतिशय मंदावतात. हा विकार बहुधा मोठेपणी दिसू लागतो. मेंदूच्या आतील चित्र दाखविणारी आजची साधने त्या काळी हाताशी नव्हती. डोळ्यांच्या हालचालींचे बारकाईने केलेले निरीक्षण हाच मुख्य आधार होता. पुढे १९९६ मध्ये अशा विकारास कारण होणारे जनुक सापडले.

आज एम.आर.आय. यंत्राने मेंदूचे चित्र घेता येते. त्यात क्ष-किरण वापरीत नाहीत. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणूंना रेडिओ लहरींनी चेतविले असता, ते स्वतः क्षीण लहरी सोडतात. खोडदची दुर्बीण आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. हे यंत्र शरीरातून येणाऱ्या लहरी टिपून चित्र रचते. डॉ. वाडियांनी वर्णिलेल्या विकारात मेंदूचा देठ व लहान मेंदू आक्रसलेले दिसतात. मानेला झटका देणाऱ्या काही मुलांत लहान मेंदूचा मधला पट्टा अपुरा वाढलेला आढळतो. मात्र कित्येकांचे चित्र अगदी निर्दोष येते. म्हणून चित्र निर्दोष आले, एवढ्यावरून मूल ढोंग करते असे मानू नये.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु प्रथम लक्ष जावयाचे ते बहुधा त्याचेच. असे मूल आढळल्यास पालकांशी बोलावे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकाच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नजरेस ते आणून द्यावे. वर्गात त्याला ठळक अक्षरांचा, विरळ ओळींचा मजकूर द्यावा, ओळीखाली बोट वा पट्टी धरू द्यावी आणि वाचनास अधिक वेळ द्यावा. वय वाढेल तसा पुष्कळ मुलांचा हा त्रास कमी होतो. तोवर त्याची मान कोणी धरून ठेवू नये. कारण ती धरली, तर त्याचे वाचनच थांबते.