रोज एक बादली समुद्र

प्रॅक्टिकलचं जर्नल आठवा. दहा रीडिंग्ज घ्यायची असतात, पण तिसऱ्यानंतरच कंटाळा येतो. मग पुढची सात शेजारच्याच्या वहीतून ‘अ‍ॅडजस्ट’ होतात. ग्राफ सरळ येतो, सही मिळते, विषय संपतो. आपल्यापैकी बहुतेकांनी हे केलंय. आता अशी एक जागा पाहू, जिथे एकच रीडिंग गेली शंभरहून जास्त वर्षं घेतलं जातंय आणि ते ‘अ‍ॅडजस्ट’ करायची कुणाची टाप नाही.

ही जागा अमेरिकेतल्या सॅन दिएगोजवळ, ला होया नावाच्या किनाऱ्यावर आहे. स्क्रिप्स इन्स्टिट्यूशन ऑफ ओशनोग्राफी. तिथल्या जेट्टीवरून २२ ऑगस्ट १९१६ पासून समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा नोंदवला जातोय. पद्धत अगदी साधी आहे. बादली सोडायची, पाणी वर ओढायचं, थर्मामीटर बुडवायचा, आकडा लिहायचा. मधल्या काळात जुनी जेट्टी जाऊन १९८८ मध्ये नवी आली, पण बादली काही थांबली नाही. म्हणूनच १९३१ मधला सर्वाधिक तापमानाचा विक्रम २०१८ च्या ऑगस्टमध्ये मोडला, तेव्हा तो मोडला हे ठामपणे सांगता आलं.

बोटहाउस ते विद्यापीठ

सुरुवात मात्र अगदीच जुगाडू होती. बर्कलेचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक विल्यम रिटर यांना विद्यार्थ्यांसाठी समुद्राकाठी प्रयोगशाळा हवी होती. १९०३ मध्ये त्यांना मिळालं एका हॉटेलचं बोटहाउस! पैसे दिले वृत्तपत्रांचे मालक ई. डब्ल्यू. स्क्रिप्स आणि त्यांची बहीण एलन ब्राउनिंग स्क्रिप्स यांनी. १९०७ मध्ये ला होयाची १७० एकर जमीन लिलावात फक्त १,००० डॉलरला मिळाली. १९१२ मध्ये संस्था कॅलिफोर्निया विद्यापीठाचा भाग झाली. पुढे गंमत अशी झाली, की १९६० मध्ये याच संस्थेभोवती सॅन दिएगोचं विद्यापीठ उभं राहिलं. आपल्याकडे विद्यापीठ रिसर्च सेंटर काढतं, इथे रिसर्च सेंटरने विद्यापीठ काढलं.

इथे येण्याचं प्रत्येकाचं कारण काही उदात्त नव्हतं. वॉल्टर मुंक हा विद्यार्थी १९३९ च्या उन्हाळ्यात आला, कारण त्याची मैत्रीण सुट्टीला ला होयात असायची. मैत्रीचं पुढे काही झालं नाही, पण समुद्र मात्र जन्मभर सुटला नाही. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायची तयारी चालू होती. लाटा पाच-सहा फुटांच्या वर गेल्या, की सरावातच बोटी उतरवणं अशक्य होतं, हे चोविशीतल्या मुंकच्या लक्षात आलं. मग त्याने आणि संस्थेचे संचालक हाराल्ड स्वेरड्रुप यांनी वाऱ्यावरून लाटांचा अंदाज बांधायची पद्धत तयार केली. १९४४ मध्ये नॉर्मंडीला सैन्य उतरलं, तेव्हा हीच पद्धत वापरली गेली. आज सर्फिंगसाठी लाटांचा अंदाज देणारी अ‍ॅप्स याच कामाच्या वंशातली.

‘रुटीन’ काम कशाला?

पण या संस्थेची खरी कसोटी लागली ती हवेच्या एका आकड्यावर.

१९५६ मध्ये तेव्हाचे संचालक रॉजर रेव्हेल यांनी चार्ल्स डेव्हिड कीलिंग या तरुण रसायनशास्त्रज्ञाला बोलावून घेतलं. प्रश्न असा होता, की आपण जाळत असलेल्या कोळशा-तेलाचा कार्बन डायऑक्साइड समुद्र पिऊन टाकतो, की तो हवेतच साठतो? कीलिंग यांनी हवाईमधल्या मौना लोआ या ज्वालामुखीवर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर यंत्र बसवलं. मार्च १९५८ मधलं पहिलं रीडिंग होतं ३१३ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंत ३१३ कार्बन डायऑक्साइडचे.

पहिल्या एक-दोन वर्षांतच दोन गोष्टी दिसल्या. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात वाढतात तेव्हा आकडा उतरतो, थंडीत पुन्हा चढतो. जणू पृथ्वीचा श्वासच! दुसरी गोष्ट चिंतेची होती. प्रत्येक वर्षी हा श्वास आधीच्यापेक्षा थोडा वरून सुरू होत होता.

इतकं महत्त्वाचं काम, म्हणजे पैसे धो धो आले असतील? नाही. १९६४ मध्ये बजेट कापलं गेलं आणि मौना लोआवरची मोजणी काही महिने बंद पडली. त्या आलेखात ती फट आजही आहे. पुढेही कीलिंग यांना वर्षानुवर्षं एकच ऐकावं लागलं, की हे तर रुटीन मोजमाप, यात नवं संशोधन काय? २००५ मध्ये ते गेले. मुलगा राल्फ कीलिंग यांनी काम पुढे चालवलं, पण २०१३ च्या शेवटी त्यांना चक्क लोकांकडे देणग्या मागाव्या लागल्या. २०२२ मध्ये ज्वालामुखी फुटून वेधशाळेचा रस्ता आणि वीज गेली, तेव्हा मोजणी काही काळ शेजारच्या मौना कीआवर हलवावी लागली. २०२५ च्या मे महिन्यात आकडा ४३० च्या पुढे गेला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या बजेट प्रस्तावात अशा हवामान निरीक्षणांवरच कात्री होती. लाव्हा आणि बजेट यांत जास्त धोकादायक काय, हे तुम्हीच ठरवा.

हुकलेला प्रयोग उद्या पुन्हा करता येतो, पण हुकलेला दिवस पुन्हा मोजता येत नाही. ‘रुटीन’ या शब्दाला कीलिंग आयुष्यभर का चिडले, ते इथे कळतं.

आपला काय संबंध?

बराच आहे. १९५९ ते ६५ दरम्यान अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोहीम काढली. त्याची आखणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीचे पहिले अध्यक्ष रेव्हेलच होते आणि मोहिमेत स्क्रिप्सची जहाजंही होती. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ ला आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. गोव्याला दोना पावलाला गेला असाल, तर तिच्या दारावरून गेला असाल.

मदुराईत जन्मलेले वीरभद्रन रामनाथन हे सिकंदराबादला फ्रिज बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर होते. गळणाऱ्या गॅसशी झटापट हेच त्यांचं काम. पुढे अमेरिकेत, १९७५ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की फ्रिजमधला तोच वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जोरदार आहे. १९९० पासून ते स्क्रिप्समध्ये प्राध्यापक झाले. कंटाळवाणा पहिला जॉब वाया जातो असं कोण म्हणतं?

आणि आज? ‘आर्गो’ या जागतिक प्रकल्पाचे सुमारे ४,००० तरंगक जगभरच्या समुद्रांत फिरतायत. दर दहा दिवसांनी ते २,००० मीटर खाली जातात, वर येताना तापमान आणि खारटपणा मोजतात आणि उपग्रहाला कळवतात. स्क्रिप्स या कामात आघाडीवर आहे. भारतही तरंगक सोडतो आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था डेटा सांभाळते. वादळ आणि मान्सूनच्या अंदाजाला हे आकडे लागतात. डेटा सगळ्यांना फुकट आहे, अगदी तुमच्या टीवायच्या प्रोजेक्टलासुद्धा. त्यासाठी मरीन बायॉलॉजीच हवं असंही नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, कोडिंग, सगळ्यांना या समुद्रात जागा आहे.

फक्त एक अट आहे. चौथं रीडिंग स्वतः घ्यायचं. पाचवंही.