सुगीचा पैसा आणि उताऱ्यावरील बोजा

नोकरदारास दरमहा पगार मिळतो. आपणांस पैसा सुगीस एकदां, फार तर दोनदां मिळतो, आणि खर्च मात्र बाराही महिने चालतो. आपल्या पुष्कळशा अडचणींचें मूळ येथें आहे. सुगीचा पैसा हातीं येतांच तो सर्व नफाच वाटतो. वास्तविक त्यांतील मोठा भाग सोसायटीचा, पुढील पेरणीचा व घरखर्चाचा असतो.

यास्तव मालाची पट्टी हातीं पडतांच तिचे चार वांटे करावे. पहिला कर्जफेडीचा, दुसरा बीबियाणें, खत व मजुरी यांचा, तिसरा वर्षाच्या घरखर्चाचा, आणि चौथा, लहान कां होईना, अडीअडचणीचा. लग्नकार्य व नवीं वाहनें यांचा विचार हे वांटे बाजूस काढल्यावरच करावा. शेताची व घराची वही निराळी ठेवावी. घरच्या माणसांची मजुरी व घरचें शेणखतही शेताच्या वहींत मांडावें. म्हणजे कोणतें पीक आपणांस पोसतें आणि कोणतें खातें, तें दोन-तीन वर्षांत कळून येईल.

कर्जफेडीचा वांटा पहिला कां, याचा हिशेब पाहा. पीककर्जाचा दर शेंकडा ७. मुदतींत फेडल्यास केंद्र सरकार शेंकडा ३ सूट देतें. म्हणजे १ लाख रुपयांवर वर्षाचें व्याज ७ हजारांऐवजीं ४ हजार होतें. महाराष्ट्रांत डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नांवाच्या योजनेंतून ३ लाखांपर्यंतच्या कर्जाचें उरलेलें व्याजही राज्य शासन सोसतें. मुदत चुकली कीं ही सूट गेली. भाव वाढेल या आशेनें माल ठेवणाऱ्यानें ही रक्कम वाढीव भावांतून आधीं वजा करून पाहावी.

कर्ज फिटलें म्हणजे काम संपलें, असें मात्र समजूं नये. मी तहसील कचेरींत कारकून असतांना एक गृहस्थ विहिरीसाठीं कर्ज काढावयाचें म्हणून सातबारा घेऊन आले. वडिलांनीं फेडलेल्या जुन्या कर्जाचा बोजा उताऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यांत, तसाच होता. पावती गहाळ झालेली. मीं त्यांस ‘बेबाकी दाखला आणा’ एवढेंच सांगितलें. तो कोठें व कसा मागावा, हें सांगावयास वेळ असूनही मीं सांगितलें नाहीं. दाखला मिळेपर्यंत उन्हाळा सरला, विहीर राहिली, आणि त्या वर्षीं त्यांचा ऊस वाळला. ती चूक मनांतून गेली नाहीं, म्हणून आज लिहितों.

शेवटचा हप्ता भरतांच त्याच दिवशीं कर्ज देणाऱ्या संस्थेकडे बेबाकी दाखला मागावा. तो अर्जासह तलाठ्याकडे, म्हणजे हल्लींच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावा व पोंच घ्यावी. फेरफार नोंदला जाऊन हरकतीची नोटीस निघते. तिची १५ दिवसांची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर नवा उतारा काढून बोजा खरोखर कमी झाला कीं नाहीं, हें आपल्या डोळ्यांनीं पाहावें.

आतां कराविषयीं. शेतीचें उत्पन्न आयकरांतून मुक्त आहे; परंतु दूधधंदा, कुक्कुटपालन, ट्रॅक्टरचें भाडें व ठेवीवरील व्याज हें शेतीचें उत्पन्न नव्हे. असें इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेलें व शेतीचें निव्वळ उत्पन्न ५ हजारांहून अधिक असलें, तर इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरवितांना शेतीचें उत्पन्नही हिशेबांत धरलें जाऊं शकतें. खेड्यांतील शेतजमीन विकून झालेल्या नफ्यावर आयकर नाहीं; मात्र १० लाखांहून अधिक वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरांच्या आंतील जमिनीस ही सवलत नाहीं. लहान शहरांस हें अंतर कमी आहे. यास्तव इसार घेण्यापूर्वींच जाणकारास विचारावें.

महसुली वर्ष ३१ जुलैस संपतें. तत्पूर्वीं प्रत्येकानें आपला सातबारा व आठ-अ काढून एकदां सावकाश वाचावा. शेतावर आपण रोज जातों. त्याच शेताच्या कागदासाठीं वर्षांतून एक सकाळ देणें कांहीं फार नव्हे.