वेबसाइटचे दुकान आणि गोदामाची खबर

आमच्या कापडबाजारातील अनेक व्यापारी बांधव आता स्वतःची वेबसाइट करवून घेतात. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर दिसते ते दुकान. भाव व शिल्लक मालाचा हिशेब मात्र दूर सर्व्हरवर असतो, ते गोदाम. दुकानातून गोदामाला विचारणा जाते, उत्तर येते, तेव्हा भाव दिसतो. ही ने-आण बिघडली की चांगला मालही पडून राहतो.

पूर्वी थोड्याशा माहितीसाठीही सारे पान नव्याने मागवावे लागे. १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये हवी तेवढीच माहिती आणण्याची सोय झाली. २००५ साली या पद्धतीस 'एजॅक्स' हे नाव मिळाले. २०१५ पासून ब्राउझरमध्ये 'फेच' ही अधिक सुटसुटीत सोय येऊ लागली. परंतु 'फेच' वापरले म्हणजे काम पक्के झाले, असे नव्हे. कारागिराला चार प्रश्न जरूर विचारावेत.

पहिला, नकाराची तपासणी होते काय? सर्व्हरने ४०४ किंवा ५०० असा नकार दिला तरी 'फेच' त्याला चूक मानत नाही. तपासणी वेगळी लिहावी लागते. नाहीतर गिऱ्हाइकापुढे रिकामे पान येते.

दुसरा, विचारणा एकदम जातात की एकामागून एक? भाव, शिल्लक व नमुने यांना प्रत्येकी एक सेकंद धरला तर रांगेत तीन सेकंद जातात, एकदम पाठवल्यास साधारण एकच.

तिसरा, जुनी विचारणा रद्द होते काय? गिऱ्हाइकाने आधी लुंगी व लगेच साडी शोधली आणि लुंगीचे उत्तर मागाहून आले, तर साडीच्या जागी लुंगी दिसेल.

चौथा, साठवलेली माहिती कोठे वापरली आहे? 'टॅनस्टॅक क्वेरी' व 'एसडब्ल्यूआर' यांसारखी साधने जुने उत्तर ताबडतोब दाखवून मागे ताजे मागवतात. नमुन्यांच्या चित्रांना हे उत्तम. शिल्लक मालाचा निर्णय मात्र ऑर्डर पक्की करताना सर्व्हरनेच करावा. अन्यथा शेवटचा एकच तागा दोघांना विकला जाईल, आणि व्यापाऱ्याची जबान जाईल.

उरलेली रक्कम देण्यापूर्वी साध्या मोबाइलवर, मंद नेटवर वेबसाइट चालवून पाहावी. तागा उलगडून पाहिल्याशिवाय आपण घेत नाही. मग हा माल तरी न तपासता का घ्यावा?