थिएटरात गोंगाट? भांडण न करता काय करायचं

केंदूरहून खास गाडी काढून पुण्याला सिनेमाला गेलो. मागच्या रांगेत फोनवर गप्पा, शेजारी लहान पोर रडून बेजार!

पोराचा काय दोष? सिनेमा मोठ्यांचा होता.

तिकीट काढताना सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघा. २०२४ पासून ‘यूए’चे तीन गट आहेत: ७+, १३+, १६+. हा पालकांसाठी सल्ला. ‘ए’ प्रमाणपत्राच्या सिनेमाला मात्र १८ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही.

मूल सोबत असेल तर कडेची खुर्ची घ्या. रडलं की पटकन बाहेर.

बोलणाऱ्याला एकदा हळूच सांगा. ऐकलं नाही तर डोअरकीपरला बोलवा.

नाटकात तर कलाकार समोरच असतो, गोंगाट त्यालाही ऐकू जातो. २०१९ मध्ये फोन वाजला म्हणून अभिनेते सुमीत राघवन यांनी नाशिकला ‘नॉक नॉक सेलिब्रिटी’चा प्रयोग थांबवला होता.