वेरूळचा डोंगर, पुण्याचा चितारी

अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरात, साखर कारखान्याच्या भोवती, नजर जाईल तिकडे काळं रान आणि ऊस. ही काळी माती म्हणजे झिजून भुगा झालेला बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक उभा, अंगावर येणारा पाहायचा तर वेरूळ गाठावं. याच डोंगराची चित्रं १८०३ मध्ये लंडनला छापली गेली.

युरोपात तेव्हा रोमँटिक चित्रकलेचा बहर होता. आखीव बागांचा कंटाळा आलेल्या चित्रकारांना कडे, कपारी, छाती दडपवणारा निसर्ग हवा होता. इंग्रज चित्रकार टॉमस डॅनियलने छापून काढलेल्या वेरूळच्या त्या संचात २४ चित्रं आहेत. मूळ रेखाटनं स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सची. लेण्यांच्या आत शिरण्याआधी डोंगरच तीन चित्रांत ओळीने उलगडतो. मला हीच तीन चित्रं सर्वांत आवडतात, कारण लेणी म्हणजे मुळात डोंगर, हे त्यांत पहिल्या नजरेत कळतं.

छपाई ॲक्वाटिंटची. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड तापवून चिकटवायची आणि पत्रा आम्लात सोडायचा. राळेच्या कणांमधलं तांबं आम्ल खातं. उजळ राहायचा भाग वार्निशने झाकायचा आणि पत्रा पुन्हा आम्लात. जितका वेळ जास्त, तितकी सावली दाट. नुसत्या रेघांनी न साधणारा लेण्यांतला काळोख असा थरांथरांनी कागदावर उतरतो.

मुखपृष्ठावर नावं वेल्स आणि डॅनियलची. पण वेरूळ चितारणारा आपला माणूसही होता: पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने वेरूळची चित्रं काढली. लेण्यात आपल्या गुरूंना भेटतानाचं स्वतःचं चित्रही त्याने काढलं आहे. वेल्सच्या नजरेला हा डोंगर नवलाचा. गंगारामाला तिथे गुरू भेटतात. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

सवाई माधवराव पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली होती; वेल्स आणि गंगाराम दोघेही तिथलेच. १७९५ च्या ऑक्टोबरात पेशवे गेले, पुढच्याच महिन्यात वेल्सही गेला, आणि तो डाव मोडला. गंगारामाची बरीच चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांच्या चांगल्या प्रती वेरूळच्या पायथ्याशी लागायला हव्यात, खाली त्याच्या पूर्ण नावासकट.