खांबावरचा आकडा आणि फोनमधला ठिपका

आमचे एक सहकारी यंदा सेवानिवृत्त झाले. राहायला डोंबिवलीत, नोकरी ठाण्याला. त्यामुळे उभे आयुष्य लोकलमध्ये गेले. आता पती-पत्नींनी कोकणात मनसोक्त फिरायचे ठरवले आहे, तेही झोपण्याची आणि चहा-भाताची सोय असलेली गाडी भाड्याने घेऊन. (महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून अशा चालत्या घरांची नावे आपल्याकडेही कानावर येऊ लागली आहेत.) त्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन आहे. त्यांनी आम्हाला विचारले, "या प्रवासासाठी स्मार्टफोन घ्यावा का? घाटात रेंज नसते म्हणतात. रेंज गेली की तो फोन आंधळाच ना? मग एवढे पैसे कशाला घालायचे?"

हाच समज आम्हाला शिक्षकांच्या खोलीतही अनेकदा ऐकू येतो. तो अर्धा खरा आहे, आणि कोणता अर्धा खरा हे समजून घेतले तर प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

सुरुवात लोकलपासूनच करू. समजा, गाडी दिवा आणि कोपर यांच्यामध्ये थांबली आहे. (हा अनुभव न घेतलेला माणूस आमच्या भागात विरळा.) घरून विचारणा होते, "कुठे आहात?" अशा वेळी खिडकीतून रुळांच्या कडेच्या विजेच्या खांबाकडे पाहावे. त्यावर ४५/१० असे काहीतरी आकडे रंगवलेले दिसतील. पहिला आकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजलेल्या किलोमीटरचा, दुसरा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा क्रमांक. ठाणे स्थानक ३४ किलोमीटरच्या आसपास येते, डोंबिवली ४८ च्या आणि कल्याण ५४ च्या. म्हणजे ४५ चा खांब दिसला की डोंबिवली तीन किलोमीटरवर आहे हे कळले.

इथे आपण तीन निरनिराळ्या गोष्टी केल्या. खांबावरची खूण वाचली. ती खूण नेमकी कुठली, हे डोक्यातल्या नकाशावर ताडून पाहिले. आणि मग घरी निरोप दिला. खूण, नकाशा आणि निरोप ही तीन कामे वेगळी आहेत. स्मार्टफोन तिन्ही कामे करतो, पण तीन वेगवेगळ्या यंत्रणांच्या आधाराने, आणि ऐन वेळी मोबाइलचा टॉवर अपरिहार्य असतो तो फक्त तिसऱ्या कामाला.

खुणेचे काम आधी पाहू. फोनसाठी खुणेचे खांब आकाशात रोवलेले आहेत. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे सुमारे तीस उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. रशिया, युरोप, चीन यांचेही असे उपग्रह आहेत, आणि भारताने २०१३ पासून 'नाविक' यंत्रणेचे उपग्रह सोडले आहेत. प्रत्येक उपग्रह अखंड एकच घोषणा करत असतो: मी अमुक ठिकाणी आहे, आणि आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. ही घोषणा रेडिओलहरींवरून, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने येते. तरी आपल्यापर्यंत पोचायला तिला सेकंदाचा सुमारे सात शतांश भाग लागतोच. हा उशीर मोजला की उपग्रह किती दूर आहे ते समजते. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून, तीन सेकंदांना एक किलोमीटर या हिशेबाने आपण ढगाचे अंतर काढतो, तसेच हे.

तीन उपग्रहांची अंतरे मिळाली की आपली जागा ठरायला हवी. पण एक अडचण आहे. उपग्रहांवर अणुघड्याळे असतात, फोनमधले घड्याळ मात्र स्वस्तातले. ते सेकंदाच्या एक दशलक्षांश भागाने चुकले तरी अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणून चौथा उपग्रह लागतो. आपले स्थान दाखवणारे तीन आकडे आणि घड्याळाची चूक, ही चार अज्ञाते. त्यांना चार समीकरणे. दहावीचे विद्यार्थी दोन चलांची एकसामयिक समीकरणे सोडवतात आणि "याचा पुढे काय उपयोग?" असे विचारतात. त्यांना हे जरूर सांगावे. फोनमधली समीकरणे रेषीय नसतात, पण जितकी अज्ञाते तितकी समीकरणे हे तत्त्व तेच.

जाता जाता आणखी एक गंमत. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार वेगाने फिरणारे घड्याळ मंद चालते, तर दुर्बल गुरुत्वाकर्षणातले घड्याळ जलद चालते. जीपीएसच्या उपग्रहांवर या दोन्ही परिणामांची गोळाबेरीज दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे अशी होते. ती आधीच दुरुस्त केली नसती तर अंतराच्या मोजणीत दिवसाकाठी ११ किलोमीटरची चूक साचत गेली असती.

आता मुख्य मुद्दा. या साऱ्या व्यवहारात फोन फक्त ऐकतो. तो उपग्रहाला काहीही कळवत नाही. रेडिओवरच्या बातम्या ऐकण्यासाठी आपल्याला आकाशवाणीला कळवावे लागत नाही, तसेच. त्यामुळे रेंज असो वा नसो, सिमकार्ड असो वा नसो, डोक्यावर उघडे आकाश असले की फोनला आपली जागा कळते, आणि साधारणपणे पाच-दहा मीटरपर्यंत अचूक कळते. उलट, उपग्रहाच्या लहरी आपल्यापर्यंत पोचेपर्यंत फार क्षीण झालेल्या असतात. काँक्रीटचे छप्पर आणि गाडीचा पत्रा त्यांना अडवतो. ठाण्यापलीकडचा पारसिकचा बोगदा १९१६ साली खुला झाला. त्याच्या सुमारे १.३ किलोमीटर लांबीत उपग्रह पूर्ण गप्प होतात. लांब पल्ल्याच्या गाडीने त्यातून जाताना फोनमधला निळा ठिपका अडखळतो तो यामुळे.

मग रेंज गेल्यावर फोन आंधळा झाला असे का वाटते? कारण नकाशा. तो सहसा फोनमध्ये साठवलेला नसतो. आपण पुढे सरकू तसतसा तुकड्या-तुकड्यांनी टॉवरवरून येतो. टॉवर गेला की ठिपका बरोबर जागी असतो, पण त्याच्याखालचा कागद कोरा! घरच्या वायफायवर तो भाग आधीच उतरवून ठेवला तर हा प्रश्न उरत नाही. दुसरे कारण असे की उपग्रह आपल्या कक्षेची माहिती फार सावकाश देतो, सेकंदाला फक्त ५० बिट. ती ऐकायला निदान अर्धा मिनिट लागतो, कधी कित्येक मिनिटे. रेंज असताना हीच माहिती फोन टॉवरवरून झटकन मिळवतो. रेंज नसताना फोन उघडणारा माणूस दहा सेकंदांत कंटाळून "लागत नाही" म्हणतो आणि खिशात टाकतो. खरे तर त्याने उघड्यावर स्वस्थ उभे राहायला हवे.

हे सगळे आम्ही पुस्तकात वाचले होते. पण कळले ते नाणेघाटात.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही नववीचे चाळीस विद्यार्थी घेऊन गेलो होतो. कल्याण, मुरबाड, टोकावडे असे करत बस वैशाखरे गावाच्या पुढे थांबली आणि आम्ही जंगलातून चढू लागलो. ही सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट. वरच्या गुहेतल्या ब्राह्मी लेखात दोन हजार वर्षांपूर्वीचे अंक कोरलेले आहेत, ते मुलांना दाखवायचे होते. गुहेपाशी डोकी मोजली तर अडतीस भरली. दोन मुली मागे राहिल्या होत्या. आम्हा शिक्षकांच्या खिशांत मिळून सहा स्मार्टफोन. एकाही फोनला रेंज नव्हती.

पंचवीस मिनिटांनी मुली सापडल्या. एका शिक्षकांच्या गळ्यात कवायतीची शिट्टी होती; ते ती वाजवत वाट उतरले आणि खालून मुलींनी ओ दिली. त्या गुरांच्या वाटेला लागल्या होत्या. पण त्यांतल्या एकीने घरीच नकाशा उतरवून ठेवला होता. ठिपका वाटेच्या डावीकडे सरकलेला पाहून दोघी थांबल्या आणि न धावता मूळ वाटेकडे परत निघाल्या. आपण कुठे आहोत हे तिला नेमके ठाऊक होते. ते आम्हाला कळवता येत नव्हते, एवढेच. ती पंचवीस मिनिटे तिच्यापेक्षा आम्हाला जड गेली, हे इथे कबूल करतो.

तेव्हा निरोपाच्या बाबतीत स्मार्टफोन साध्या फोनहून सरस नाही. दोघांनाही टॉवर लागतो आणि डोंगर दोघांनाही अडवतो. क्षीण रेंजमध्ये बोलणे होत नसले तरी छोटा लेखी संदेश पुष्कळदा जातो. त्यात अक्षांश-रेखांश लिहावेत, पण चार दशांश स्थळांपर्यंत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दोन दशांश स्थळे लिहिली तर एखाद्या किलोमीटरचा घोळ राहतो, चार लिहिली तर अकरा मीटरचा. पडद्यावर 'फक्त तातडीचे कॉल' असे दिसत असेल तर आपल्या कंपनीचा नसला तरी दुसऱ्या कुणाचा तरी टॉवर पोचतो आहे, आणि ११२ लावून पाहता येतो.

नकाशावरही फार विसंबू नये. कल्याण-शीळ रस्ता तुंबला की फोनवर लाल रेघ दिसते, कारण त्या रस्त्यावरचे हजारो फोन आपला मंदावलेला वेग कळवत असतात. माळशेज घाटात गाड्या थोडक्या आणि रेंज तुटक. तिथली माहिती त्या मानाने कच्ची. साठवलेल्या नकाशाला तर सकाळी कोसळलेली दरड ठाऊकच नसते. ती टोकावड्याच्या चहावाल्याला ठाऊक असते.

राहिली बॅटरी. ५,००० मिलिअँपिअर-तासांची, ३.८५ व्होल्टची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. चालत्या घरातली १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास. फोन तिच्या खिजगणतीतही नाही. पण गाडीपासून दूर चालताना जपावे लागते. टॉवर दूर असला की फोन जोर लावून प्रक्षेपण करतो, आणि नसला तर शोधत राहतो. रेंज नसलेल्या भागात बॅटरी भराभर उतरते ती यामुळे. विमानातल्या प्रवासासाठी फोनमध्ये जी सोय असते ती चालू केली की हा शोध थांबतो, आणि आजच्या बहुतेक फोनांत उपग्रह ऐकणे तरीही चालू राहते. पाऊस असेल तर आणखी एक लक्षात ठेवावे: पडद्याला बोट कळते ते विद्युतभारामुळे, आणि पाण्याचे थेंब त्यात गोंधळ घालतात. ओल्या पडद्यावर नकाशा सरकवता येत नाही. साधी बटणे मात्र दाबली जातात.

आमच्या सहकाऱ्यांना आम्ही सांगितले की बटणांचा फोन मुळीच टाकू नका. निरोपासाठी तोच पुरेसा, आणि त्याची बॅटरी तीन-चार दिवस चालते. खूण आणि नकाशा यांसाठी मात्र स्मार्टफोन हवा, पण तो नवा कशाला? मुलाचा जुना फोन कपाटात पडून असेल, सिमकार्ड काढून घेतलेला. डोंबिवलीत घरच्या वायफायवर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचे नकाशे त्यात उतरवून घ्या. "सिमकार्डाशिवाय चालेल?" त्यांनी पुन्हा विचारले. आम्ही म्हटले, उद्या लोकलच्या खिडकीशी बसून पाहा.

हा प्रयोग विद्यार्थ्यांनाही करता येईल. ठाणे ते कल्याण धीम्या गाडीत खिडकीशी बसावे (दारात मुळीच नाही). सिमकार्ड नसलेल्या फोनवर साठवलेला नकाशा उघडावा. एका किलोमीटरच्या पहिल्या खांबापासून पुढच्या किलोमीटरच्या पहिल्या खांबापर्यंत लागलेले सेकंद मोजून वेग काढावा आणि फोन दाखवतो त्या वेगाशी ताडून पाहावा. मग तोच फोन डब्याच्या मध्यभागी, माणसांच्या गर्दीत धरून ठिपका किती भरकटतो तेही नोंदवावे. तक्ते आमच्याकडे पाठवलेत तर पुढील एखाद्या अंकात त्यांचा विचार करता येईल.