पंप हवा धरतोय? आधी सक्शनचे आटे बघा



उन्हाळ कांदा पोसायला लागलाय, विहिरी खाली चालल्यात आणि ग्रुपवर रोज एक तरी मेसेज येतो, "मोटार चालू आहे, पण पाणी कमी पडतंय." मागच्या आठवड्यात मोसम काठच्या एका दादांच्या मळ्यात गेलो होतो. पाच एचपीचा मोनोब्लॉक. रोज पंप भरायला अर्धा-पाऊण तास, आणि मधेच पाणी तुटायचं. दादांनी नवा फूटव्हॉल्व्ह टाकला, मोटार रिवाइंडिंगला नेऊन आणली. खर्च झाला, पाणी तेवढंच. दोष निघाला पंपाच्या तोंडाशी, सक्शनच्या निपलच्या आट्यांत.

*हा दोष दिसत का नाही?*
डिलिव्हरीचा जोड गळला की पाणी बाहेर उडतं, लगेच कळतं. सक्शनचं उलट आहे. पंप चालू असताना त्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोड वरून कोरडाच दिसतो. पाणी मात्र फसफसत, दुधाळ येतं आणि पंप बंद केला की पाइप रिकामा होतो. कोरडा पंप फिरत राहिला तर सील जळतं, ते वेगळंच.

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत ७.५ एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल माफ आहे, पण वीज ठराविक तासच असते. त्यातला तास पंप भरण्यात गेला की शेवटचे वाफे कोरडे राहतात. कांदा पोसताना पाण्याचा ताण पडला आणि मग एकदम भरपूर पाणी दिलं, तर कांदा फुटतो, जोडकांदा वाढतो. बाजारात तो वेगळा काढावा लागतो.

*दोष कसा शोधायचा?*
१) आधी फूटव्हॉल्व्ह पाण्यात पुरेसा बुडालाय का ते बघा. पाणी खाली गेलं असेल तर तिथूनच हवा ओढली जाते.
२) पंप चालू असताना सक्शनच्या प्रत्येक जोडाला साबणाचा दाट फेस लावा. फेस आत ओढला गेला तर तोच जोड. फिरत्या भागापासून हात आणि कपडे लांब ठेवा.
३) फेस नसेल तर ओली चिकणमाती जोडाभोवती दाबून लावा. पाणी लगेच सुधारलं तर दोष सापडला. हा फक्त तपास आहे, दुरुस्ती नाही.

*हात लावण्याआधी*
मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. ऑटोस्विच असेल तर जास्तच सांभाळा. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, तेव्हा तुमचा हात पंपावर असेल. ओल्या जागेत ही चूक जिवावर बेतते.

*दुरुस्ती*
१) पाइपाला खालून टेकू द्या. दोन पाने वापरा, एकाने धरा, दुसऱ्याने फिरवा.
२) तारेच्या ब्रशने दोन्हीकडचे आटे साफ करा. जुना टेप, सूत, गंज सगळं काढा. आटे तुटले किंवा गंजून झिजले असतील तर निपल बदला. तिथे कितीही टेप लावला तरी उपयोग नाही.
३) निपलचं तोंड आपल्याकडे करा आणि टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून गुंडाळा. उलटा गुंडाळला तर आवळताना सुटतो. पहिला आटा मोकळा सोडा. दोन इंची लोखंडी निपलला सहा-आठ वेढे लागतात. सूत आणि सफेदाही चालतो, पण त्याच पाइपाचं पाणी पिण्यासाठी घरी जात असेल तर फक्त टेप वापरा.
४) आधी हाताने घट्ट बसवा, मग पान्याने दीड-दोन फेरे. पाइपाचे आटे निमुळते असतात, १६ मि.मी. लांबीला व्यास १ मि.मी. बदलतो. म्हणून जोड आवळत जातो तसा घट्ट होतो. दिशा जुळवायला मागे फिरवू नका. फिरवलाच तर खोलून नवा टेप लावा.
५) पीव्हीसीचा जोड असेल तर जोर कमी लावा. प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये लोखंडी निपल आवळली की सॉकेट फाटतो. शक्य असेल तिथे प्लास्टिकचे बाहेरचे आटे लोखंडाच्या आत बसवा.
६) पाइपाचं वजन पंपावर लटकू देऊ नका. खाली दगड किंवा बल्ली द्या. नाहीतर कंपनाने जोड परत ढिला होतो.

*खात्री*
पंप भरून चालवा, फेसाने परत तपासा. रात्री पंप भरून ठेवा आणि सकाळी पाण्याची पातळी बघा. पातळी टिकली तर काम झालं. जोड ठीक असून पातळी उतरली तर मग फूटव्हॉल्व्ह बघा, मोटार शेवटी.

त्या दादांचं काम एक निपल आणि दोन टेपच्या रिळांत झालं. रिवाइंडिंगचे पैसे मात्र परत येणार नव्हते. म्हणून मोटार खोलायच्या आधी सक्शनच्या जोडाचा फोटो आणि पाणी पडतानाचा छोटा व्हिडिओ ग्रुपवर टाका. आपण बघून सांगू.

आपला,
कृषी सल्लागार